‘वल्हे’ मासिकाची तपासणी

बैलांच्या खुरांचा रोग होडीत कसा बसवावा, हे माणिकरावांना सकाळपासून सुचत नव्हते. दोनदा चहा झाला होता. साखऱ्याहून पत्र आले होते की गावातल्या निम्म्या बैलांची खुरे पिकली आहेत, तरी काही उपाय छापावा. उपाय माणिकरावांना पाठ होता. अडचण एवढीच होती, की त्यांचे ‘वल्हे’ हे मासिक होडी वल्हवण्याच्या विद्येला वाहिलेले होते, आणि होडीशी संबंध नसलेली एक ओळसुद्धा त्यात छापायची त्यांना सरकारी मनाई होती.

दहाच्या सुमारास त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टाक उचलला आणि लिहिले, ‘होडी घाटापर्यंत नेण्यास गाडी लागते. गाडीस बैल लागतात. बैलांची खुरे पिकलेली असल्यास होडी पाण्यापर्यंत पोहोचणार नाही. सबब प्रत्येक वल्हेकऱ्याने खुरांची काळजी पुढीलप्रमाणे घ्यावी.’ त्यापुढची तीन पाने सरसर उतरली. त्या तीन पानांत होडी पुन्हा कुठे आली नाही.

असे मासिक काढण्याची हौस माणिकरावांना नव्हती. त्यांना शेतीवर मासिक काढायचे होते. पण हिंगोली निजामाच्या राज्यात, आणि मराठीत काही छापायचे तर परवानगी हवी. त्यांनी शेतीसाठी अर्ज केला, नामंजूर झाला. आरोग्यासाठी केला, तोही परत आला. मग मुलींचे शिक्षण झाले, संतांची चरित्रे झाली. लोकांनी एकत्र बसून काही वाचावे आणि मग त्यावर बोलावे, ही कल्पनाच वरच्या खात्याला सोसत नव्हती. पाचव्या वेळी माणिकरावांचे डोके फिरले आणि ज्या गोष्टीवर हिंगोलीत कोणी चार वाक्ये बोलणार नाही अशा गोष्टीसाठी त्यांनी अर्ज केला. आठ दिवसांत परवानगी हातात पडली. अट एकच होती: वल्हवण्याशिवाय दुसरे काही नाही.

तेव्हापासून दोन वर्षे ‘वल्हे’ बिनबोभाट चालले होते. शिडाला कापड लागते म्हणून त्यात कापसावरची कीड येई. वल्हेकऱ्याने पाण्यात उतरण्यापूर्वी काय खावे, या निमित्ताने लहान मुलांच्या जुलाबावरचे औषध येई. वधूवरांच्या सदरात मुलगा निर्व्यसनी, घरी वीस एकर, वल्हवण्याजोगा बांधा असे लिहीत. कुणी थोर माणूस वारला तर मृत्युलेखात म्हणत, की कैलासवासी कधी होडीत बसले नव्हते, परंतु योग आला असता तर ते मागे हटले नसते. खात्याची खात्री राहावी म्हणून दर अंकात एक लेख मात्र अस्सल असे. हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाची रद्दी चाँद पाशांनी लिलावात घेतली होती. तिच्यात लांबट, निमुळत्या होड्यांवरच्या एका विलायती मासिकाचे गठ्ठे निघाले. माणिकराव त्यातला एकेक लेख भाषांतर करून टाकत. स्वतः ते पाण्याला इतके भीत, की आंघोळसुद्धा बादलीपासून जरा लांब बसून करत.

खुरांचा लेख वाळत घातला होता तेवढ्यात चाँद पाशा आत आले. ‘वल्हे’ त्यांच्याच शिळाप्रेसवर छापले जाई. हातात सरकारी लखोटा होता आणि तोंड उतरलेले होते. उर्दू मजकूर त्यांनीच वाचून मराठीत सांगितला. खात्यावर नवे मोहतमीम, म्हणजे मुख्य अधिकारी, आले होते, जलालुद्दीन साहेब. त्यांनी दप्तर चाळताना विचारले होते, की जिथली नदी आठ महिने कोरडी असते तिथे ‘वल्हे’चे चारशे बारा वर्गणीदार वल्हवायला शिकतात ते कशासाठी आणि कुठे? येत्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ते जातीने येऊन तपासणी करणार होते. संपादकाने होडी आणि वल्हे हजर ठेवावे, आणि खोल पाण्यात वल्हवून दाखवावे. ते न जमल्यास परवानगी रद्द आणि प्रेसचा दगड जप्त.

“दगड गेला तर मी काय छापू, मास्टर?” चाँद पाशा म्हणाले. “लग्नाच्या पत्रिका हातानं लिहू का?”

माणिकरावांना दगडाचे वाईट वाटलेच, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते मासिकाचे. वेडेवाकडे, होडीचे सोंग घेतलेले का होईना, पण डोंगरकडा गावापासून शिरड शहापुरापर्यंत लोक पारावर बसून ते वाचत होते. ते आता बंद पडणार होते.

पार्वतीबाई, म्हणजे माणिकरावांची बायको, दाराआडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “रडून काय व्हनार हाये? चार दिस हायेत. होडी पाहा आधी.”

होडी पाहणे सोपे नव्हते. हिंगोलीच्या कयाधू नदीत गुडघाभर पाणी उरले होते. आश्विनात खोल पाणी होते ते पैनगंगेला, बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथल्या घाटावर सोनाजी भोई डोंगा चालवत असे. माणिकराव, पार्वतीबाई आणि चाँद पाशा विलायती मासिक बरोबर घेऊन दुसऱ्याच दिवशी तिथे पोहोचले. डोंगा होता, पण गेल्या पुरात त्याचा तळ फुटला होता आणि आता तो सोनाजीच्या गोठ्यात गव्हाण म्हणून कामाला लागला होता. दोन म्हशी त्यात तोंड घालून उभ्या होत्या.

मग लोक नदी कशी ओलांडतात, असे माणिकरावांनी विचारले. सोनाजी म्हणाला, “काहिलीतून. आमी कडंला धरून पवतो अन् ढकलतो. रामकिशन पाटलाची काहील हाये ना.”

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसे मांडी घालून जेवायला बसतील एवढी रुंद आणि मांडीइतकी खोल. गुऱ्हाळे सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून ती रामकिशनच्या अंगणात मोकळीच पडली होती. रामकिशन माणूस दिलदार. त्याने काहील द्यायचे कबूल केले, पण दोन अटी घातल्या. एक, पुढच्या अंकात वधूवरांच्या सदरात त्याच्या भाच्याचा नंबर पहिला लागला पाहिजे. आणि दुसरी, काहील अन्नाची आहे, आम्ही तिची पूजा करतो, तेव्हा तिच्यात पायताण घालून कोणी बसायचे नाही, मग तो लाटसाहेब असो.

दोन्ही अटी माणिकरावांनी डोळे मिटून मान्य केल्या.

वल्ह्याचा प्रश्न पार्वतीबाईंनी सोडवला. विलायती मासिकातल्या चित्रात माणसाच्या हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे होते. त्यांनी खळ्यावर धान्य पसरायची दोन लाकडी फावडी दांड्याला दांडा लावून काथ्याने घट्ट बांधली. चित्रात आणि त्यात फरक काढणे कठीण होते.

उरलेले दोन दिवस माणिकरावांनी रामकिशनच्या अंगणात, कोरड्या जमिनीवर, काहिलीत बसून सराव केला. मांडीवर मासिक उघडे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पाठ ताठ, श्वास संथ. बघायला सगळा गाव जमला. हात चांगलेच सफाईने चालू लागले. सोनाजी मात्र भिंतीला टेकून मान हलवत होता. तो म्हणाला, “मास्तर, काहिलीला बाजू नसती. बाजूनं मारलं की ती फिरनार. म्होरं वाकून पानी आपल्याकडं वढा.” माणिकरावांनी त्याला चित्र दाखवले. छापलेले चित्र खोटे कसे असेल, असे त्यांनी विचारले. कायच्या काय नाद करून राहिले, असे पुटपुटत सोनाजी म्हशींना पाणी दाखवायला गेला.

जुमेरातीला जलालुद्दीन साहेब, निरोप धाडला होता त्याप्रमाणे, बैलांच्या दमणीतून थेट घाटावर आले. शेरवानी, तुर्की टोपी, करकरीत काळे बूट, बरोबर शिपाई आणि पट्ट्याने बांधलेले दप्तर. माणूस नेमस्त होता. आवाज चढवत नव्हता, आणि त्यामुळेच माणिकरावांच्या पाचावर धारण बसली. साहेबांनी आधी सगळ्यांचे सलाम घेतले, सोनाजीने दिलेले दूध घेतले आणि मग काहिलीकडे बराच वेळ पाहिले.

“ये होडी है?” त्यांनी विचारले.

माणिकरावांनी सांगितले, की देशोदेशींच्या होड्यांचे आकार पाण्याप्रमाणे वेगळे असतात आणि पैनगंगेच्या पाण्याला गोल आकार मानवतो. खोटे यात काही नव्हते. साहेबांनी ते शिपायाकडून लिहून घेतले.

खरी पंचाईत पुढे झाली. माणिकरावांचा बेत असा होता, की साहेब काठावर खुर्चीत बसतील, सोनाजी पाण्यात कड धरून हळूच ढकलेल आणि आपण वरून हात हलवायचे. पण साहेब कायद्याचे पक्के. काठावरून पाहून ‘होडी चालते’ असे लिहिणे म्हणजे ऐकीव पुरावा झाला, असे त्यांचे मत पडले. मोक्यावर जाऊन तपासणी करायची तर होडीत बसूनच केली पाहिजे. शिवाय कड धरायला तिसरा माणूस नको. मासिक संपादक लिहितो, तेव्हा वल्हवायचेही संपादकानेच.

रामकिशन पुढे झाला आणि हात जोडून त्याने बुटांची गोष्ट सांगितली. साहेबांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. अन्नाच्या भांड्याचा मान आमच्याही घरात ठेवतात, असे म्हणून त्यांनी बूट काढून शिपायाच्या हातात दिले. दप्तरही भिजू नये म्हणून काठावरच ठेवले. मग ते अनवाणी, शेरवानी सावरत काहिलीत मांडी घालून बसले. समोर माणिकराव बसले. पार्वतीबाईंनी गावदेवीला नारळ बोलला. सोनाजीने काहील खोल पाण्यापर्यंत नेली आणि साहेबांनी नजरेने सांगताच सोडून दिली.

माणिकरावांनी पाठ ताठ केली, श्वास संथ केला आणि उजवीकडे वल्हे मारले. काहील डावीकडे एक गिरकी घेऊन थांबली. त्यांनी डावीकडे मारले. ती उजवीकडे गिरकी घेऊन थांबली. पुढे मात्र वीतभरही सरकली नाही. हे काही मासिकात नव्हते. जोर कमी पडला असेल म्हणून त्यांनी जोर वाढवला, तेव्हा गिरक्याही वाढल्या. साहेबांच्या डोळ्यांपुढून एकदा निजामाचा मुलूख जाई, एकदा नदीपलीकडचा इंग्रजांचा वऱ्हाड प्रांत जाई, मग पुन्हा निजामाचा. त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली आणि डोळे मिटून घेतले.

काठावरून सोनाजी ओरडत होता, की म्होरं वढा, म्होरं. पण काहील एवढी फिरत होती की म्होरं कुठे आले तेच माणिकरावांना कळेना. प्रवाह हलका होता, पण होता. गिरक्या खात खात काहील मधल्या धारेला लागली. धार पलीकडच्या अंगाला वळत होती. माणिकरावांनी शेवटचा उपाय म्हणून जिवाच्या आकांताने दोन्हीकडे एकदम मारायचा प्रयत्न केला. काथ्या सुटला आणि एक फावडे वाहून गेले. उरलेले फावडे त्यांनी छातीशी धरले. थोड्या वेळाने काहील एका शांत ठिकाणी वाळूला लागली आणि थांबली.

साहेबांनी डोळे उघडले. “पोहोचलो?”

“पोहोचलो,” माणिकराव म्हणाले. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही.

ते सांगायचे काम उत्तमसिंगाने केले. पलीकडच्या काठावर इंग्रज हद्दीचा अबकारी नाका होता आणि उत्तमसिंग त्याचा जमादार. तो लाठी घेऊन उतारावरून खाली आला, काहिलीभोवती एक फेरी मारली आणि वाकून वास घेतला. लोखंडाला वर्षानुवर्षांचा गुळाचा वास होता. उत्तमसिंगाची नोकरी चोरटी दारू पकडण्याची, आणि दारू गुळाचीच होते.

“पार निजामातून काहील घेऊन आले,” तो म्हणाला. “अन् हे पाय धुऊन बसलेले म्हातारबुवा कोण? भट्टीचे मालक?”

जलालुद्दीन साहेबांच्या चेहऱ्याचा रंग गेला. ते म्हातारे नव्हते, पण तो मुद्दा आता राहिला नव्हता. वरच्या परवानगीशिवाय, कचेरीच्या वेळेत, निजाम सरकारचा मोहतमीम इंग्रजांच्या हद्दीत आला होता. पायात बूट नाहीत, जवळ कागद नाही, टोपी भिजलेली, आणि बसला होता दारूच्या संशयाने पकडलेल्या कढईत. उत्तमसिंगाने काखेतले रजिस्टर काढून नावे विचारली. त्या रजिस्टरात नाव चढले असते तर ते नागपुरापर्यंत गेले असते आणि तिथून हैदराबादेत.

माणिकरावांनी त्यांच्याकडे पाहिले. या माणसाचे नाव आणि हुद्दा दोन शब्दांत सांगितला, की उद्यापासून तपासणी करायला हे साहेब जागेवर राहणार नाहीत, हे त्यांना लख्ख दिसत होते. मोह झाला. खोटे कशाला सांगा, चांगलाच झाला. पण समोरच्या माणसाच्या उघड्या पायांची आखडलेली बोटे त्यांना दिसली आणि त्यांना एकदम त्याची दया आली.

“माझं नाव माणिकराव. मी हिंगोलीचा, वल्हवण्यावर मासिक काढतो,” ते म्हणाले. “हे आमचे वर्गणीदार हायेत. वल्हवायला शिकून राहिले माझ्याकडं.”

उत्तमसिंगाने माणिकरावांच्या हातातल्या एकुलत्या फावड्याकडे पाहिले, काहिलीकडे पाहिले, मग साहेबांकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाला, “बुवा, तुमी दुसरा मास्तर पाहा.” आणि त्याने रजिस्टर मिटले.

सोनाजी पोहत आला. त्याने एका हाताने कड धरली, दुसऱ्या हाताने पाणी तोडले आणि काहील सुतासारखी सरळ अलीकडे आणून लावली. साहेबांनी पाय पुसले, बूट घातले, दप्तर घेतले आणि रामकिशनला सलाम करून दमणीत बसले. माणिकरावांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. चाँद पाशा रोज दगड पुसत आणि उसासे टाकत. माणिकराव अर्धवट लेख कपाटात ठेवून बसले होते. पार्वतीबाईंनी नारळ फोडायचा की नाही हे अजून ठरवले नव्हते. अखेर सोळाव्या दिवशी लखोटा आला. चाँद पाशांनी तो उभ्यानेच फोडला, वाचला, खाली बसले आणि पुन्हा वाचला.

हुकमात लिहिले होते, की तपासणी समक्ष झाली. संपादकाचे वल्हवण्याचे ज्ञान लोकांच्या जिवाला धोका असल्याचे निदर्शनास आले. सबब यापुढे सदर मासिकात होडी, वल्हे अथवा पाण्यावरील कोणत्याही प्रवासाविषयी एक अक्षर छापू नये. शेती, आरोग्य, शिक्षण व अन्य निरुपद्रवी विषयांस या खात्याची हरकत नाही. मासिकाचे नाव बदलण्याचा अर्ज सोबतच मंजूर करण्यात येत आहे. असा अर्ज माणिकरावांनी केलाच नव्हता. कोणी केला असेल ते त्यांच्या लक्षात आले आणि त्यांना भरून आले.

पुढचा अंक ‘शेतीमित्र’ नावाने निघाला. खुरांचा रोग पहिल्याच ओळीपासून खुरांचा रोग होता. कापूस कापसासारखा आला, जुलाब जुलाबासारखे आले, रामकिशनचा भाचा पहिल्या नंबरावर झळकला. माणिकरावांनी पहिली प्रत हातात घेऊन पार्वतीबाईंना वाचून दाखवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सरळ बोलल्यासारखे वाटले.

पंधरवड्यात पत्रे येऊ लागली. माणिकरावांना वाटले अभिनंदनाची असतील. पहिले साखऱ्याचे होते. त्या गावाला नदी नाही. पत्रात लिहिले होते, की बैल बरे झाले, आभार. पण आधीच्या अंकातल्या विलायती लेखात होडी उलटली होती, माणूस आत पाय अडकून पाण्यात खाली डोके वर पाय असा लटकला होता, आणि ‘अपूर्ण’ लिहून लेख थांबला होता. या अंकात त्याचे नावच नाही. गावातली बायामाणसे रोज विचारतात. तरी त्या गरिबाला कृपा करून वर काढावे. डोंगरकड्याचे पत्र याहून कडक होते. माणसाला महिनाभर पाण्यात बुडवून ठेवणारा संपादक कसला, असे त्यात विचारले होते. शिरड शहापूरच्या एका बाईंनी त्याच्यासाठी शनिवार धरला होता.

माणिकराव डोके धरून बसले. होडीचे एक अक्षर छापायची सोय नव्हती. त्यांनी प्रत्येकाला वेगळे कार्ड लिहून खुलासा करायचे ठरवले, तेवढ्यात चाँद पाशा आणखी एक पत्र घेऊन आले. ते उर्दूत होते, बिनसहीचे, कागद मात्र चांगला जाड होता. चाँद पाशांनी ते दोनदा मनात वाचले आणि मग माणिकरावांना सांगितले.

“लिहितात, हुकूम आपल्या जागी आहे आणि तो बदलणार नाही. पण तो आदमी पाण्याबाहेर आला की नाही, एवढं खाजगीत कळवावं. घरात बेगमसाहेबांना झोप लागत नाही.”

माणिकरावांनी विलायती गठ्ठा काढला, टाक शाईत बुडवला आणि उत्तर लिहायला बसले. माणूस दुसऱ्याच पानावर बाहेर आला. पण त्यांचा हात थांबेना. मग त्याने अंग कसे पुसले, पुन्हा वल्हे कसे धरले आणि पुढच्या वळणावर कसा भोवरा दिसला, असे करत पत्र नऊ पानांचे झाले. शेतीवर लिहिताना इतकी मजा आली नव्हती, हे त्यांनी रात्री जेवताना पार्वतीबाईंजवळ कबूल केले.